कुंपणापलीकडचा आंबा

बाल्बोआ, मे २०००

प्रिय बाबा,

तुमचा आशीर्वाद असू द्या. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आईला सांगा, हल्ली भात करपत नाही. तुमचा खोकला कसा आहे? फोनवर आई "बरा आहे" म्हणते आणि लगेच विषय बदलते.

काल माझ्या टगबोटीनं एक अवाढव्य जहाज कालव्याच्या तोंडाशी आणलं. वर टेकडीवर झेंडा फडकत होता, आपला एकट्याचा. डिसेंबरात अमेरिकन गेले आणि दोन समुद्रांमधली ही चिंचोळी पट्टी आता खरोखर पनामाची आहे, बाबा.

घरी परतताना आंबे पाडले. हो, अमेरिकनांच्या कुंपणाआडच्या त्याच रांगेतले! तिथंच आंबे पाडताना अमेरिकन शिपायानं तुम्हाला कॉलर धरून नेलं होतं ना? "जमीन आमची, आंबा आमचा, आणि चोर कोण? आम्हीच!" असं तुम्ही अजून तणतणता.

तेवढ्यात मागे पोलीस येऊन उभा राहिला. मी एवढी टगबोटीची कप्तान, पण आंबे पाठीमागे लपवले! तो आपलाच, पेनोनोमे गावचा. हसत म्हणाला, "अहो कप्तानबाई, कच्चे कशाला तोडताय? थांबा, वरची फांदी वाकवतो. दोन मला द्या म्हणजे झालं."

कुंपण गेलं, तरी तुम्ही इथं पाऊल टाकणार नाही म्हणता. पुरे झाला हट्ट. आंबे कुणीही न्यावेत, मी अडवत नाही. एक फांदी मात्र राखून ठेवली आहे. तिचे आंबे तुम्ही पाडायचे, भरदिवसा, सगळ्यांदेखत.

वाट पाहणारी,
तुमची यारिएला