लाव्याची पिल्लं

बोईसरच्या कंपनीतली ड्युटी संपवून रूपेश बऱ्याच दिवसांनी सफाळ्याजवळच्या घरी आला, तर दाराला बाहेरून कडी. आत बल्ब लावलेल्या खोक्यात लाव्याची पिल्लं चिवचिवत होती. शेजारी त्याच्या बापाची, झिपरूची, चिठ्ठी होती.

"रूपेश,
छातीचं दुखणं वाढलं, पालघरला दवाखान्यात दाखल होतोय. तू कामावर असशील म्हणून फोन केला नाय, आज ड्युटी संपली की येशीलच.
पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर बल्ब खाली घे, लांब पळाली तर वर घे. पाण्याच्या ताटलीतले खडे काढू नको, बुडतात ती. खाली गोणपाटच असू दे, कागदावर पाय घसरतात. एखादं बाजूला बसलं तर उचलून बाकीच्यांत सोड, एकट्याला ऊब धरत नाय.
तुझी आय गेल्यापासून घरात आवाज नव्हता, म्हणून आणली.
तू दवाखान्यात येऊ नको. पिल्लांजवळ थांब.
बा"

पिल्लं दाटीवाटीने एकमेकांवर चढली होती. रूपेशने बल्ब वीतभर खाली घेतला, ती पांगेपर्यंत थांबला. मग कुंपणाशी जाऊन त्याने हाक मारली, "लाडकीकाकी, पिल्लांकडे लक्ष देशील? मी बाच्याजवळ दवाखान्यात चाललोय."

बापाचं बाकी सगळं त्याने ऐकलं होतं.