बीटी-७ आणि सुनीताचा खोकला

३ मे, शुक्रवार
ठरलं. इथे बहारीनमध्ये, सीफ भागातल्या मॉलमध्ये २८ जूनला हॉबी क्लबचं मॉडेल प्रदर्शन आहे, त्यात उतरायचं. विषय: सोव्हिएत हलके रणगाडे आणि चिलखती गाड्या, दोन महायुद्धांच्या मधला काळ. बाकी सगळे जर्मन रणगाडे करतात. त्यांना अक्कल नसते. मी टी-२६, बीटी-७ आणि बीए-१० ही सहा चाकी चिलखती गाडी, तिन्ही एकाच देखाव्यात बसवणार. मंगोलियाचा गवताळ माळ, १९३९. या विषयातला आखातातला मराठी जाणकार बहुधा मी एकटाच. पुण्यात तरी कोण असणार म्हणा.
निश्चय: स्प्रेचं रंगकाम फक्त गच्चीवर. सुनीताला थिनरचा वास सोसत नाही. बायकोची काळजी घेणं हेही शिस्तीतच येतं.

४ मे
गच्चीवर गेलो. वारा. ओल्या रंगावर धूळ बसली, बीए-१० खरूज झाल्यासारखी दिसते. वॉचमन शिवदास वर आला. म्हणाला, साब, इधर पानी का टाकी है, पेंट मना है.
निश्चयात किंचित बदल: बाल्कनी.

११ मे, शनिवार
बाल्कनीत भट्टी. रंग एअरब्रशच्या नोझलमध्येच वाळतो. शास्त्रीय विचार करून बाथरूम निवडलं. दार बंद, एक्झॉस्ट चालू. एक्झॉस्ट हवा खेचत नाही असं सुनीता हिवाळ्यापासून सांगते आहे. दुरुस्त करून घेणार आहे.

१७ मे
टी-२६ चा पहिला हात पूर्ण. सोव्हिएत हिरवा म्हणजे नुसता हिरवा नव्हे, त्यात मातकट पिवळा हवा. अप्रतिम जमला.
सुनीता खोकते आहे. बहारीनमध्ये मे महिन्यात सगळेच खोकतात.

१८ मे
शनिवारी सकाळी सुनीता इथल्या मराठी मंडळातल्या मुलांचा मराठीचा वर्ग घेते, आमच्याच हॉलमध्ये. आज गोष्ट सांगता सांगता तिला एवढी ढास लागली की शेवट मुलांनीच इंग्रजीत करून टाकला. पुढचे वर्ग बंद, असं तिने ग्रुपवर कळवलं. वाईट वाटलं. डायनिंग टेबल मोकळं झालं.

२४ मे, शुक्रवार
हाशिम आणि अकीलावहिनी जेवायला. हाशिम आमच्या कंपनीत ट्रान्सपोर्ट बघतो, मूळ रत्नागिरीचा. मी अकाउंट्समध्ये. दारातच डोळे चोळत म्हणाला, "जयप्रकाशभाय, घरात पेट्रोल पंप काढलात की काय?" मी हसलो आणि त्याला बीटी-७ दाखवला. पट्टे काढून ठेवले की हा रणगाडा नुसत्या चाकांवर मोटारीसारखा रस्त्याने पळायचा! चिलखत पातळ, पण वेग हेच चिलखत, हे त्याला नीट समजावलं. शत्रूने पेट्रोलच्या बाटल्या फेकल्या तेव्हा बरेच पेटले, हे खरं आहे. पण त्याचा उगाच बाऊ केला जातो.
हाशिमने विचारलं, "नि आतल्या माणसांचं काय व्हायचं ओ?"
म्हटलं, तो वेगळा विषय आहे.
अकीलावहिनी स्वयंपाकघरात सुनीताच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. रस्सा उत्तम होता.

१ जून
खोकल्याची कारणं शोधली. एसीचे फिल्टर. समोरचं बांधकाम. मआमीरच्या बाजूचा कारखान्यांचा धूर; साइटची बिलं तपासायला मी आठवड्यातून एकदा तिकडे जातो, तो धूर कपड्यांतून घरी येत असणार. आजपासून ऑफिसचे कपडे वेगळे धुवायचे. याला म्हणतात मुळावर घाव.
कश्मिराने नाष्ट्याला म्हटलं, "बाबा, इट्स द थिनर." बारावी झाली की मुलांना सगळंच कळतं.

७ जून
एसीचे फिल्टर धुतले. फरक नाही. कपडे वेगळे धुतले. फरक नाही. एवढे उपाय मी एकटा करतो आहे, पण घरात कुणाला त्याचं काही नाही.
बाथरूममध्ये दमटपणामुळे रंगावर पांढरी झाक येते, म्हणून एअरब्रश आणि त्याचा कॉम्प्रेसर बेडरूममध्ये आणला. तिथे एसी चांगला. सुनीता दुपारी हॉलमध्ये झोपते, म्हणजे अडचण कुणालाच नाही.

१० जून, सोमवार
सुनीताला दोन जिने चढताना मधे बसावं लागलं. ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढून दवाखान्यात नेलं. (रजा काढली, याची नोंद असावी.) डॉक्टरीणबाई केरळच्या, तरुण, फार प्रश्न विचारतात. घर में कोई पेंट, स्प्रे, केमिकल? कबूतर?
मी म्हणालो, नो डॉक्टर.
खरं म्हणजे पेंट म्हटलं की भिंतींचा रंग डोळ्यांसमोर येतो. तो आम्ही दिलेला नाही. मी सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं. सुनीताने माझ्याकडे पाहिलं आणि मग हातातल्या रुमालाची घडी घालत बसली. कबूतर नाही, असं तिने सांगितलं.
इनहेलर दिला आहे. दम्यासारखं काहीतरी. एकदा निदान झालं की निम्मं काम झालं.

१४ जून, शुक्रवार
बीए-१० पूर्ण. मागच्या चाकांवर पट्टे चढवता येतात, तेही केलं. कश्मिराला बोलावून दाखवलं. ती दाराशीच उभी राहिली, ओढणी नाकाला. "नाइस," म्हणाली. मग विचारलं, "डॉक्टरला का नाही सांगितलं?" तिने चक्क मराठीत विचारलं, याचा आनंद झाला. ते मी तिला बोलूनही दाखवलं. ती दार लावून निघून गेली.

२१ जून
निश्चय: प्रदर्शन झालं की स्प्रे कायमचा बंद. हातानेच रंगवायचं. सुनीताला हे सांगितलं. "बरं अहो," म्हणाली. हल्ली दोन शब्दांच्या पुढे जात नाही. तिचा पाठिंबा आहे हे महत्त्वाचं.

२८ जून, शुक्रवार
नीट क्रमाने लिहायला हवं.
मॉडेल मॉलमध्ये सहापर्यंत द्यायचं होतं. दुपारी देखाव्यावर मॅट वार्निशचा शेवटचा हात मारला. त्याशिवाय गवत चमकतं. बेडरूमचं दार लावलेलं होतं. बहुतेक लावलेलं होतं.
कश्मिराची हाक ऐकून बाहेर आलो. सुनीता सोफ्याच्या कडेला हात टेकून बसली होती, खांदे वर-खाली, तोंड उघडं, आवाज नाही. ओठांचा रंग मला आवडला नाही. इनहेलरने काही होईना. हाशिमला फोन केला, तो जवळच सूकमध्ये, बाजारात होता. लगेच आला. सुनीताला त्याने आणि कश्मिराने धरून खाली नेलं.
मी देखावा घेतला. सीफ वाटेतच लागेल असं वाटलं होतं. हॉस्पिटल उलट्या दिशेला आहे हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं. हाशिमला म्हटलं, आधी पाच मिनिटं... तो म्हणाला, "तोंडातून शब्द काढू नका, जयप्रकाशभाय." असा तो कधी बोलत नाही.
इमर्जन्सीत नेमक्या त्याच डॉक्टरीणबाई. सुनीताला मास्क लावला, सुई लावली. मी खुर्चीवर, मांडीवर तीन वाहनं आणि मंगोलिया. बाई माझ्याजवळून गेल्या, थांबल्या, परत आल्या. वाकल्या. वास घेतला.
"ये क्या है?"
म्हटलं, बीटी-७. सोव्हिएत. नाइन्टीन थर्टी नाइन.
बाईंनी बीटी-७ कडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत राहिल्या. मग कश्मिराला म्हणाल्या, हे बाहेर ने. आत्ता. आणि सुनीताच्या पेपरवर बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या.
कश्मिराने देखावा हाशिमच्या गाडीत डॅशबोर्डवर ठेवला. मुद्दाम ठेवला असं मी म्हणणार नाही. परत येईपर्यंत संध्याकाळ झाली. बंद गाडीच्या उन्हात प्लास्टिक वितळून बीटी-७ ची तोफ शिळ्या गाजरासारखी वाकली होती. टी-२६ बसला होता.
सुनीताला वॉर्डात ठेवलं आहे. क्लबला मेसेज केला की अपरिहार्य कारणामुळे जमत नाही. त्यांनी अंगठा पाठवला.

१ जुलै
सुनीता घरी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, घरातून रंग-केमिकल सगळं काढा, हवा खेळवा, हिला काही महिने दुसरीकडे ठेवा. फुप्फुसाला किती इजा झाली ते पुढे कळेल. मी विचारलं, आणि मआमीरचा धूर? बाईंनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

५ जुलै, शुक्रवार
दोघी गेल्या. कश्मिराला पुण्यात ॲडमिशन घ्यायचीच होती. सुनीता सांगलीला बहिणीकडे. एअरपोर्टवर अकीलावहिनी तिच्या गळ्यात पडून रडल्या. सुनीताने व्हीलचेअरवरून मला सांगितलं की फ्रीजमध्ये आमटी आहे, आज संपवा.
सगळं साहित्य शिवदासच्या हवाली केलं. एअरब्रश ठेवला. तो नुसता असला तर वास येत नाही.

१९ जुलै
निश्चय: दीड महिन्यात घर आदर्श करायचं. एक्झॉस्ट बसवून घेतला. आता उत्तम खेचतो. तिकीट बघून ठेवलं. फोनवर सुनीताला म्हटलं, पंधरा सप्टेंबरचं काढतो. "बघू," म्हणाली. हाशिमला कळवलं की येते आहे. त्याने विचारलं, वहिनी नक्की काय म्हणाल्या? सांगितलं. तो म्हणाला, इंशाल्ला, आणि चहा न घेता उठला.

२ ऑगस्ट, शुक्रवार
सांगलीला फोन केला. मेहुणीने उचलला. म्हणाली, ताई बाहेर अंगणात आहे, शेजारणींबरोबर, बोलावू का? म्हटलं, बोलाव. ती फोन तसाच ठेवून गेली.
बराच वेळ कुणी आलं नाही. लांबून बायकांचे आवाज येत होते. कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि एकजण हसायला लागली. आधी ओळखलं नाही. सुनीता होती. हसतच राहिली, स्वतःच काहीतरी सांगायला लागली, पुन्हा हसली.
मधे एकदाही खोकली नाही.
तिकीट काढलं नाही.