शिमग्यात गेलेला कार्बन

ती. रावजीमामांस, केतनचा वाकून नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? (शिमग्यात भिंतीवरून उडी मारल्यापासून दुखतो असं मामी म्हणाल्या, कुठली भिंत ते मी विचारलं नाही.) इकडे सगळे खुशाल. मृणालीनं सामान बांधायला घेतलं आहे, त्याचं कारण पुढे येईलच.

कागद कारखान्यात मला बढती मिळाली म्हणून तुम्ही गावभर पेढे वाटलेत. काम काय, ते आता सांगतो. टनभर कागद काढताना धूर किती सोडायचा, हे सरकारनं ठरवून दिलं आहे. वर्षअखेरीस तो जास्त भरला, तर ज्यांनी कमी सोडला त्यांच्याकडून प्रमाणपत्रं विकत घेऊन सरकारजमा करायची. (शेजाऱ्याची एकादशी विकत घेऊन आपण मटण खावं, तसं.) यात कोळशाचा धूर मोजतात, लाकडाचा मोजत नाहीत. म्हणून मी मार्चसाठी सुरूचे ओंडके मागवले. ते बॉयलरमध्ये जाळले की आम्ही मर्यादेत बसत होतो. साहेबांनी पाठ थोपटली. ओंडके मी भिंतीलगत उघड्यावर रचले, ऐन शिमग्याच्या तोंडावर. (याच गावचा भाचा असून रचले. मृणाली यावर जे बोलली ते लिहीत नाही.)

तुमची होळी यंदा पंचक्रोशीत गाजली, अभिनंदन. ज्वाळा आमच्या चिमणीच्या वर गेल्या. त्या धुराची मोजणी होत नाही, ही जमेची बाजू मी साहेबांच्या कानावर घातली. त्यांना समाधान वाटलं नाही. मग उरलेला मार्च कोळशावर काढला आणि मर्यादा ओलांडली.

धुराच्या हिशेबाच्या पडताळणीला अहमदाबादहून पियूषभाई आले. लाकूड गेटातून आत आलं, बॉयलरमध्ये गेलं नाही, आवारातही नाही, तर आहे कुठे? चोरी असेल तर पोलिसांत तक्रार दाखवा, म्हणाले. मी समजावलं, की होळीला नेलेल्या लाकडांची तक्रार आमच्याकडे करत नाहीत. करणाऱ्याच्या दारात येऊन अख्खं गाव बोंब मारतं. त्यांनी 'स्थानिक संघटित विरोध' असं टिपून घेतलं. तुम्हाला फोन केला, तर तुम्ही म्हणालात, "शिमग्याची लाकरा कोन इचारून नेतं रं?" हे उत्तर मी पुढे पाठवलं नाही.

साहेबांना वाटतं, लाकूड मीच विकून खाल्लं. चोरी सिद्ध कर, नाहीतर छत्तीसगडच्या कारखान्यात जा, असा हुकूम आहे. मामा, मला जायचं नाही. तिथे ना खाडी, ना बोंबील. पण आई गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत. तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. निश्चिंत असावं. मामींना नमस्कार.

आपला,
केतन

ता. क. : तक्रार नसली तरी पोलीस पाटलांचा दाखला चालेल, असं पियूषभाई म्हणतात. गावचे पोलीस पाटील तुम्हीच. तरी आपण जातीनं तपास करून, चोर अज्ञात असल्याचा दाखला सहीशिक्क्यानिशी द्यावा. तपासात घाई दिसू नये.

आणखी ता. क. : दाखला घ्यायला ते रविवारी स्वतः तुमच्याकडे येत आहेत. शाकाहारी आहेत. ओसरीवर बसायला तुम्ही जो ओंडका मागे ठेवलात, त्यावर आमच्या कारखान्याचा पिवळा शिक्का आहे. त्यावर घोंगडी टाका आणि पियूषभाईंना तिथेच बसवा. दुसरं कुणी बसलं आणि घोंगडी सरकली, तर पियूषभाईंना शिक्का दिसेल.