चौथा आकार

३ फेब्रुवारी २०२५
रोजनिशी लिहावी एवढी माझी योग्यता नाही, क्षमा असावी. परंतु बाई, वर्गातून निरोप देताना ‘नोकरीचे अनुभव लिहून मला पाठव,’ अशी आपलीच आज्ञा होती.
घुग्घुसच्या धूळ-प्रयोगशाळेत आज रुजू झाले. आमच्या घरातली ही पहिली पगाराची नोकरी. हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवताच ते ‘धन्यवाद, रश्मी’ म्हणाले; मला उगाच लाजायला झाले. काम माझ्या स्वभावाला साजेसे आहे: मिश्र धूळ काचेवर पसरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली कणांचे आकारमान व आकार मोजायचे. राख गोल, कोळसा टोकदार, सिमेंट ओबडधोबड. माझ्या जागी पूर्वी करिष्मा नावाची मुलगी होती. झाडलोट करणाऱ्या केसरबाई म्हणाल्या, “चांगली होती पोरगी. झडली.” माणूस खंगले की आमच्याकडेही असेच म्हणतात.

६ फेब्रुवारी
धुळीत चौथा आकार सापडला. चपटा, पातळ, अंगावर वळणदार समांतर रेघा. साहेबांनी तो ‘इतर’मध्ये नोंदवायला सांगितले. रुजू झाल्यापासून संध्याकाळी पुस्तकही हातात धरवत नाही, इतका थकवा येतो.

११ फेब्रुवारी
यंत्राने अंगठा नाकारला. फाटकावरचे प्रफुलभाऊ म्हणाले, “मॅडम, घरी लय भांडे घासून राह्यल्या काय?” सगळे हसले. तर्जनीही चालली नाही.
दुपारी धुतलेली कोरी काच तपासली. तिच्यावर ‘इतर’ होतेच. तिला फक्त माझे हात लागले होते.

१४ फेब्रुवारी
एका कणावर तिरपी खाच. लहानपणी विळ्याने कापलेल्या माझ्या अंगठ्यावर आहे तशीच. अंगठा पाहिला — गुळगुळीत.
केसरबाईंना विचारले, झडली म्हणजे आजारी पडली ना? त्यांनी केराची सुपली उचलून दाखवली. “नाई व माय. झडली. मीच तं झाडून टाकली.”

१७ फेब्रुवारी
राजीनामा घेऊन गेले. हजेरीच्या यंत्रावर धूळ बसली होती. फुंकर मारली — धूळ काचेवर सरकली — यंत्र बोलले.
‘धन्यवाद, करिष्मा.’
राजीनामा न देताच परतले.

१८ फेब्रुवारी
आज गेलेच नाही. खोलीवरच आहे. फार थकले आहे.
फोनवर कार्यालयाचा संदेश आला: ‘रश्मी, उपस्थित.’
बाई, मी इथे आहे — पण इथे हात दिसत नाहीत — कोळशाचा वास येतो — नऊ वाजता केसरबाई प्रयोगशाळेत झाडायला येतात. कृपा करून त्यांना सांगा, खिडकीखालचा कोपरा आज झाडू न—

पाठवले: १८ फेब्रुवारी २०२५, सकाळी ८ वाजून ५८ मिनिटे