आबाजी पहिलीत बसतात

बोगदा कॅम्प, किन्नौर
१२ जुलै २०२५

ती. सौ. धनश्रीताईले,
धाकट्या हेमराजचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र राशनच्या गाडीवाल्यानं हातात दिलं तेव्हा मी घाबरलोच. आजकाल पत्र कोण पाठवते, म्हटलं नक्की काही वाईट झालं असंन. उघडून वाचलं आणि एकटाच हसत बसलो. बाजूच्या खाटेवरचे बिहारी पोरं विचारत होते, शादी तय हो गयी क्या. मी सांगितलं, नाही बे, माझ्या बाबाले पहिलीत ॲडमिशन भेटली.

म्हणजे तुझा ऋषी शाळेत रडते म्हणून त्याचे आबाजी, म्हणजे आपले बाबा, त्याच्यासंग वर्गात बसतात, आणि हे तुले फोनवर सांगता येत नाही काहून की त्या दोन खोल्यांत बाबा कान देऊनच असतात. बरोबर समजलं ना मले? मग माझं ऐक. त्याले रडू दे. रडून रडून थकंन आणि खेळायले लागंन. बाबाले घरी बसव.

मले तर आश्चर्य वाटून राहिलं. मी उमरेडच्या शाळेत होतो तेव्हा मास्तरनं निरोप पाठवला तरी बाबा हातमागावरून उठले नाही. मले चौथीत दोनदा बसवलं, तेही त्यांना बाहेरून समजलं. आणि आता नातवाच्या वर्गातून उठत नाही. वा रे न्याय.

तू विचारलं, हे काम किती दिवस टिकणार. सुरतहून पळालो, हैदराबादहून पळालो, पण इथं हिमाचलच्या डोंगरात, बोगद्याच्या कामावर, पळायले जागाच नाही. तवा चिंता करू नको. पहिलीत आता काय काय शिकवतात ते लिहिजो. भाऊजीले नमस्कार. भावावरची माया आटू देऊ नको.

तुझा,
हेमराज


हुडकेश्वर, नागपूर
२७ जुलै २०२५

चि. हेमराज यास ताईचे अनेक आशीर्वाद.

सल्ला देणं सोपं आहे, बाबू. बाबाला घरी बसव म्हणतोस, तू इथे येऊन बसवून दाखव. सकाळी ऋषीच्या आधी त्यांची आंघोळ होते. धुतलेला सदरा, केसांना तेल. शेजारची रोशनी मला विचारते, काकाजींचा वाढदिवस आहे का वं आज?

पहिलीत आता खूप मजा असते. पोरं वाळूत बोटाने अक्षर गिरवतात. दोरीवर लाल-पांढऱ्या मण्यांची लांब माळ टांगली आहे, त्यावर मोजायला शिकतात. हातवारे करून गाणी म्हणतात. दामिनी मॅडम चांगली आहे, ओरडत नाही. पण तिने माळेवर बारा मणी दाखव म्हटलं, की मागून भिंतीपाशी बसलेले आबाजी बोटं दाखवतात. गाण्यात सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. परवा कागदाच्या पट्ट्यांची चटई विणायची होती. पोरांनी वाकडंतिकडं विणलं, ते बाबाला पाहवेना. मॅडम ऑफिसातून येईपर्यंत यांनी सगळ्या वर्गाच्या चटया उसवून पुन्हा विणल्या. मॅडमने पाहिलं तर सगळ्यांच्या एकसारख्या, घट्ट. तिला हसावं की रडावं कळेना.

हसू नकोस, पुढचं वाच. ऋषी वर्गात तोंडच उघडत नाही. काही विचारलं की मागे वळून आबाजीकडे पाहतो, आणि हे उत्तर देऊन मोकळे होतात. शाळेच्या मोठ्या मॅडमने, मुख्याध्यापिकेने, मला बोलावलं. म्हणाल्या, पोरगा वयानेही लहान आहे, शाळेतल्या तान्ह्या पोळ्याला प्रत्येक पोराने आपल्या लाकडी बैलाबद्दल बोलायचं असतं, तोपर्यंत एकटा बोलायला लागला तर ठीक, नाहीतर यंदा परत अंगणवाडीत बसवा. घरी येईपर्यंत माझे डोळे भरून येत होते. पोरगं हुशार आहे रे. घरी पूर्ण शंभर मोजतो.

एक दिवस मी सिलेंडर आल्याचं खोटं सांगून बाबाला बोलावून घेतलं. मॅडम म्हणते, तेवढ्या वेळात ऋषी वर्गातल्या अपूर्वसोबत खेळत होता, त्याने मागे पाहिलंसुद्धा नाही. आणि बाबा? हातातली पिशवी फेकून धावत परत गेले. शाळेच्या फाटकापाशी धापा टाकत उभे. असं काहून होतं, मला काही समजत नाही.

त्यांना तोंडावर काही बोलली तर दोन दिवस जेवत नाहीत. तूच काहीतरी सुचव. जिवाला जप, हेल्मेट घालत जा, आणि आमच्यावरचा जीव तसाच ठेव.

तुझी,
ताई


बोगदा कॅम्प, किन्नौर
६ ऑगस्ट २०२५

ती. सौ. ताईले, शि. सा. न. वि. वि.

बारावी शिकलेली तू, आणि तुले समजलं नाही? रडून ऋषी नाही राहिला वं, त्याचं रडणं केव्हाचंच संपलं. ज्याचं संपलं नाही तो मागे भिंतीपाशी बसते.

आठव, माग विकला तेव्हापासून बाबा कसे होते. खाटेवर पडून छताकडे पाहायचे. तूच सांगत होती, की चहा थंड होते तरी हात लावत नाही. आता त्यांना सकाळी तयार होऊन जायले एक जागा भेटली. ती कोण सोडंन? मीही नसतो सोडली.

पण ताई, आता मी हट्टाले पेटलो आहे. पोराले मागच्या वर्गात बसवू द्यायचं नाही म्हणजे नाही. एकदा मागे बसवलं की पोरगं आपल्याबरोबरच्यांना पुढं जाताना पाहते, आणि मग त्याले शाळा नकोशी होते. हे मले कोणी शिकवायची गरज नाही. तू मोठ्या मॅडमले जाऊन सांग, की आमचा पोरगा पोळ्याले बोलणार. घाबरत सांगू नको, ठणकावून सांग.

बाबाचं मी पाहतो. त्यांच्या नावानं वेगळं पत्र टाकून राहिलो. ते रागावतील, दोन दिवस जेवणार नाही. नाही जेवले तर नाही जेवले. तू ताट वाढून ठेवजो आणि गप्प राहाजो. शिव्या आल्या तर माझ्या वाट्याच्या इकडं पाठव, पण लोभ कमी करू नको.

हेमराज


बोगदा कॅम्प, किन्नौर
६ ऑगस्ट २०२५

ती. बाबाले,
हेमराजचा शि. सा. न. वि. वि.

मी कधी तुमच्यासमोर मान वर करून बोललो नाही, म्हणून लिहून राहिलो. मी लहान होतो तेव्हा तुम्ही माझ्या शाळेत यावं असं मले लय वाटे. तुम्ही आले नाही. आता ऋषीच्या शाळेत जाता, ते ऐकून मले थोडी जळणच झाली. खोटं काहून बोलू.

पण बाबा, तुम्ही उत्तर दिलं की तो देत नाही. त्याले अंगणवाडीत परत पाठवायची गोष्ट चालू आहे, हे तुम्हाले कोणी सांगितलं नसंन, मी सांगतो. तान्ह्या पोळ्याले त्याले विचारतील तेव्हा तुम्ही काहीच बोलायचं नाही. त्यानं कितीही वळून पाहिलं तरी नाही. आणि त्याच्यानंतर वर्गातून उठायचं. रागवा, पण एवढं करा.

पाया पडतो. तब्येत सांभाळा. आपल्या या भटक्या पोरावर लक्ष असू द्या.

हेमराज


हुडकेश्वर
२५ ऑगस्ट २०२५

चि. हेमराज यास ईश्वरदासचे आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. बापाले असं लिहितात का, हे तुले घरी आल्यावर सांगीन. वाचलं आणि खिशात ठेवलं. धनश्रीले दाखवलं नाही. तिले सगळं माहीत आहे, हे मले माहीत आहे. जेवलोही. तुमचा अंदाज चुकला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळेत तान्हा पोळा झाला. व्हरांड्यात आंब्याच्या पानांचं तोरण, त्याच्याखाली पोरं आपापले लाकडाचे बैल घेऊन रांगेत. एकेकानं पुढं येऊन आपल्या बैलाबद्दल सांगायचं होतं. मोठ्या मॅडम खुर्चीवर. ऋषीची पाळी आली. तो पुढं गेला आणि त्यानं मान वळवून मले पाहिलं. माझं तोंड उघडलंच होतं. मागावर धागा तुटला की हात आपोआप जाते, तसं होतं ते. मी खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक तोंडात कोंबलं आणि भिंतीकडं पाहत बसलो.

भिंतीवरचे पोपडे मोजत राहिलो.

मग त्याचा आवाज आला. म्हणाला, की माझ्या बैलाचं नाव मामा आहे. तो दूर जाऊन डोंगराले भोक पाडते. तो एका जागी टिकत नाही, म्हणून त्याच्या पायाले चाकं लावले आहे. सगळे हसले, मोठ्या मॅडम तर डोळे पुसू लागल्या. हसणं ऐकून तो अजून बोलला, थांबेचना. त्याचा मामा काय खाते, कुठं झोपते, किती वेळा पळाला, सगळं. शेवटी दामिनी मॅडमनं त्याले हातानं धरून बाजूले नेलं, की आता अपूर्वच्या बैलाले बोलू दे. अंगणवाडीची गोष्ट कोणी काढली नाही, पुढंही काढणार नाही.

संध्याकाळी जेवताना त्यानं मले समजावलं, की आबाजी, सोमवारपासून तुम्ही येऊ नका, तुमच्या जागेवर आम्ही दप्तरं ठेवणार आहो.

आज सोमवार. मी आंघोळ केली, सदरा घातला. ऋषी अपूर्वसंग निघाला. मले वाटलं तो वळणावर मागं पाहील. नाही पाहिलं. धनश्री भाजी निवडता निवडता माझ्याकडं पाहून राहिली होती, म्हणून मी पेपर उघडून बसलो. शाळेची घंटा इथपर्यंत ऐकू येते. पाय शाळेकडं ओढत होते, पण मी खाट सोडली नाही. उद्याही सोडणार नाही.

तुम्ही माझ्या शाळेत आले नाही, असं तू लिहिलं. ते खरं आहे. आणि आता उठा म्हणाला, तर उठलो. पण उठलेल्या माणसानं सकाळी घंटा झाल्यावर काय करायचं असते, हे मले कोणी शिकवलं नाही. तुले सुचलं तर कळव. पत्रानंच कळव, वाट पाहायले काही तरी असंन.

बापावर राग असला तरी लोभ ठेव.

तुझा,
बाबा