दोघांनी चालवलेला रणगाडा

बाबा, तुमचा रणगाडा काल पुरा झाला. तुमचा म्हणजे खरं तर शत्रूचा. एकाहत्तरच्या लढाईत भातशेतात रुतून बसलेला, तुम्ही चिखलातून बाहेर काढून आणलेला. एकास वीस या मापाने केला आहे, जेवणाच्या ताटात मावेल एवढा. सरकारी कचेरीत मी जन्मभर कालव्यांचे नकाशे काढले, पण हाताने एक वस्तू घडवली नव्हती. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर परभणीच्या घरातली मागची खोली मोकळी होती, तिथे सुरुवात केली. अंग जुन्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं. चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यांसाठी जो तो सायकलची चेन सुचवायचा. मला ती खोटी दिसायची. मग पाण्याचा प्लास्टिकचा पाइप तापवून सपाट केला आणि एकेक कडी कापून कानशीने घासली. नगरच्या रणगाड्यांच्या संग्रहालयात तसाच एक ठेवलेला आहे, तो बघायला एसटीने दोनदा जाऊन आले. पुढच्या बाजूला शेजारीशेजारी दोन गोल झाकणं, खाली दोन ड्रायव्हरच्या जागा, दोघांपुढे गाडी वळवायचे दांडे. तुम्ही सांगितलं होतं अगदी तसंच.

तुम्ही ते एकदाच सांगितलंत. पंधरा ऑगस्टला पाथरीच्या माझ्या शाळेत तुम्हाला भाषणाला बोलावलं होतं. फौज सोडून तुम्ही एसटीच्या डेपोत मेकॅनिक झाला होतात, पण गुरुजींना हवा होता रणगाडा आणणारा जवान. तुम्ही उभे राहिलात, म्हणालात, "रनगाडा आमी आनला. मशीन चांगली होती." आणि खाली बसलात. टाळ्या जरा उशिराच वाजल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आई भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून बसलाय, आणि मी ताटावरून विचारते, "बाबा, शत्रूला तुमी मारलं का?"

"शत्रू शत्रू काय लावलंस? तो डायवर होता. मी बी डायवर. गप जेव."

मी रडवेली झाले म्हणून असेल, थोड्या वेळाने तुम्ही आपणहून बोलायला लागलात. ती गाडी तुमच्यातल्या कुणालाच चालू करता येईना. पकडलेल्यांत तिचा ड्रायव्हर होता, त्याला आणलं, आणि बोलायला तुम्हाला पुढे केलं, कारण पाथरीच्या बाजारात वाढलेल्या माणसाला उर्दू यायची. तुमचं दखनी ऐकून तो हसला. "ये कौन सी उर्दू है, भाई?" तुम्ही म्हणालात, "हमारे गाँव की है." मग त्याने सांगितलं, गाडीला इंजिनं दोन, त्यातलं एक मेलंय, दुसऱ्यावर निघेल पण आहिस्ता. डावीकडे तो बसला, उजवीकडे तुम्ही. दोघांनी मिळून गाडी चिखलातून सडकेला लावली. तेव्हा तो म्हणाला, "इसका तेल बदलते रहना." पुढे काय झालं, मी विचारलं. "गेला असंल घरी," असं म्हणून तुम्ही ताटात हात धुतलात.

मीही तो घरी गेला असंच धरून चालले होते. जिल्ह्यातल्या माजी सैनिकांनी नवं सभागृह बांधलंय. त्यांचे अध्यक्ष, निवृत्त सुभेदार, घरी येऊन अर्धवट रणगाडा बघून गेले. दारातच काचेच्या पेटीत ठेवू म्हणाले. तोफेची नळी वाकवा, अंगावर जळल्याचे डाग करा, वर आपला झेंडा लावा. "जिंकल्यावानी दिसलं पायजे, ताई." मी हो म्हटलं. काळा रंगही आणून ठेवला.

रंग लावायच्या आधी आईच्या मांडीवर नेऊन ठेवला. तिला आता फारसं दिसत नाही, बोटांनीच बघते. बोटं त्या दोन भोकांपाशी थांबली.

"डायवरच्या जागा," मी म्हटलं. "उजवीकडं बाबा."

"अन् ही त्याची." ती कितीतरी वेळ बोट तिथंच ठेवून होती. मग म्हणाली, "मेला गं तो. पोटात लागलं होतं, त्यानं कुनाला दाखवलंच न्हाई. गाडी सडकंला लागली, तेलाचं बोलला अन् बसल्या जागी मान टाकली. तुझ्या बापानं तसंच त्याला शेजारी घेऊन गाडी मुक्कामाला आनली. लगीन झाल्यावर मला सांगितलं. परत कदी न्हाई."

"मग बाबा मला घरी गेला असं का म्हणाले?"

"तू जेवायली होतीस नं, माय."

बाबा, शाळेतली तुमची ती दोन वाक्यं मला त्या दुपारी समजली. काळा रंग उघडलाच नाही. सुभेदारांना बोलावून सांगितलं, नळी वाकणार नाही, झेंडा लागणार नाही.

"मंग लोकांना कळंल कसं, आपन जिंकलो ते?"

आईने सांगितलं ते मी त्यांना सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. "त्याला पुरलं कुठं?" एवढंच विचारलं. मला ठाऊक नव्हतं. उठताना म्हणाले, "झेंडा बाहेर दारावर लावू. गाडी हाय तशीच आना." उद्या सकाळी न्यायला येणार आहेत. दोन्ही झाकणं उघडीच ठेवली आहेत.

हे पत्र कुठल्याच टपालाने आता तुम्हाला पोचणार नाही, हे मला कळतं. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगता येईल. लोक म्हणतात, बापाच्या आठवणीत पोरीने केवढे कष्ट घेतले. खरं असं आहे की त्या कड्या घासताना दिवसचे दिवस मला तुमची आठवणसुद्धा आली नाही. खिडकीतलं ऊन सरकत असायचं, कानस चालत असायची, आणि मी नुसती सुखात होते.