छेद शून्य होतो

नरसी नामदेव,
१८ जून

प्रिय दादा,

जयभीम. तुझे तीन फोन आले तेव्हा मी घरातच होते, मुद्दाम उचलले नाहीत. बोलायला लागलो की तू आवाज चढवतोस आणि मी गप्प होते. म्हणून लिहून राहिले. इथं तुला मधे बोलता येणार नाही.

डोंगरकड्याच्या घरी ओसरीवर तू दहावीची शिकवणी घ्यायचास. अकरा पोरं आणि कोपऱ्यात मी. एक दिवस तू फळ्यावर समीकरण लिहिलंस. एका बाजूला एक्स, त्याच्या छेदात एक्स वजा तीन. दुसऱ्या बाजूला तीन, खाली तोच छेद, आणि त्या अख्ख्या अपूर्णांकात दोन मिळवलेले. दोन्ही बाजूंना छेदाने गुणलंस, छेद गेले, एक्स आला तीन. उत्तराखाली तू दोन रेघा ओढल्यास. मी ताळा करून पाहिला. एक्सच्या जागी तीन घातले की छेदच शून्य होतो, आणि शून्याने भागता येत नाही. मी उभी राहून म्हटलं, “दादा, हे उत्तर चालत न्हाई. याला उत्तरच न्हाई.” तू म्हणालास, “गाइडात तीन दिलंय. गाइडवाल्यापेक्षा शानी झालीस का?” मी म्हटलं, गाइड चुकलंय. तू कानाखाली मारलीस. पोरं हसली. मी बसले नाही, म्हणून दुसरी मारलीस.

त्या माराचा राग कधीच गेला. आपल्या घरात मार कुणी खाल्ला नाही? चार दिवसांनी मी आत कणीक मळत होते आणि तू बाहेर त्याच पोरांना सांगत होतास, की छेद शून्य करणारं उत्तर टाकून द्यायचं असतं, भलेभले मास्तर हे विसरतात. माझं नाव घेतलं नाहीस. म्हणजे तुला कळलं होतं.

दहावीला मला गणितात दीडशेपैकी एकशे बेचाळीस पडले. बाबांनी तुलाच विचारलं, कारण घरात शिकलेला तू एकटा. “घोकून पडलेत,” तू म्हणालास, “तिच्या डोक्यात गणित न्हाई. आर्ट्सला टाका.” मी दाराआड होते. आई म्हणाली, “लेकराला एकदा इचारा तरी.” कुणी विचारलं नाही. आज मी अंगणवाडीत लेकरांना दहापर्यंत मोजायला शिकवते. काम हलकं नाही, पण ते मी निवडलेलं नव्हतं. तू मात्र वसमतला क्लासची पाटी लावलीस.

आता तू मला सोडून माझ्या नवऱ्याला, रत्नपालला फोन केलास, की राणीला दहावीसाठी आमच्याकडे ठेवा, भाची हुशार आहे, मी घडवतो. तो ‘व्हय’ म्हणाला, कारण यातलं मी त्याला काही सांगितलंच नव्हतं. रविवारी आम्ही बाबांना भेटायला गेलो. ते राणीला म्हणाले, “मामाकडं जा बाई. तुझ्या मायला गणित कधी आलंच न्हाई.” राणीने माझ्याकडे पाहिलं. तेवीस वर्षं झाली, तरी तुझंच वाक्य त्यांच्या तोंडात आहे. घरी येऊन मी दोघांना सगळं सांगितलं. राणी वसमतला येणार नाही, तिला मी शिकवते. तुला काही करायचंच असेल तर डोंगरकड्याला जा. बाबांना आता कमी ऐकू येतं. त्यांच्याजवळ बस आणि मोठ्याने सांग, की पोरगी बराबर होती आणि मला ते माहीत होतं.

तुझीच धाकटी,
दीक्षा